घराची जागल : वृद्ध आईवडील आणि फसवणुकीचे फोन

वृद्ध व्यक्तींना अनोळखी क्रमांकावरून फोन करून, बँक अधिकारी, पोलीस, वीज कर्मचारी किंवा दूरचा नातेवाईक असल्याची बतावणी करून, त्यांच्याकडून पैसे अथवा पैशापर्यंत पोहोचवणारी गोपनीय माहिती काढून घेण्याच्या प्रकाराला सर्वसाधारणपणे सायबर फसवणूक म्हटले जात असले, तरी त्यातील ‘सायबर’ हा भाग साधनापुरताच आहे. मूळ प्रकार जुनाच, म्हणजे माणसाच्या भीतीचा, आशेचा आणि भिडस्तपणाचा गैरफायदा घेण्याचा आहे. म्हणूनच या फसवणुकीपासून आईवडिलांचे रक्षण करण्याचा विचार मोबाइलच्या सेटिंगपाशी सुरू होऊन तिथेच संपू शकत नाही. घरातील माणसे एकमेकांशी पैशाविषयी कसे बोलतात, कोणाला विचारतात आणि चूक झाल्यावर काय करतात, हाही त्या विचाराचा भाग ठरतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील उमरखेड तालुक्यात असलेल्या ढाणकीसारख्या गावी हा प्रश्न शहरापेक्षा काहीसे वेगळे रूप घेतो. नगरपंचायत असलेल्या या बाजारपेठेच्या गावाची आणि भोवतालच्या खेड्यांची उपजीविका मुख्यतः शेतीवर चालते, शिकलेली मुले नोकरीसाठी पुणे, मुंबई, नागपूरकडे जातात, आणि घरी राहिलेल्या आईवडिलांचा मुलांशी रोजचा संबंध फोनवरच उरतो. पीएम किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, त्याच धर्तीवर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसे येतात, श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन येते, आणि हे सर्व पैसे थेट बँक खात्यात जमा होत असल्याने खाते, आधार आणि मोबाइल क्रमांक यांची गाठ एकदा बांधली गेली की ती गाठ सुटू नये ही चिंता वृद्धांच्या मनात कायम राहते. ‘तुमचे केवायसी अपूर्ण आहे, हप्ता थांबेल’ असे सांगणारा फोन या आधीच तयार असलेल्या चिंतेवर येऊन पडतो. केवायसी, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी, ही सरकार खरोखरच वेळोवेळी मागत असल्याने त्या फोनवर विश्वास ठेवणारी व्यक्ती अडाणी ठरत नाही.

व्याप्ती आणि एक गैरसमज

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गमावले होते, तर २०२४ साली हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला, म्हणजे एका वर्षात तो तिपटीहून अधिक झाला. वृद्धांच्या बाबतीत विशेष घातक ठरलेल्या ‘डिजिटल अटक’ या, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याची बतावणी करून अटकेचा धाक घालण्याच्या, प्रकाराच्या आणि त्यासारख्या गुन्ह्यांच्या १,२३,६७२ तक्रारी २०२४ मध्ये नोंदल्या गेल्या आणि त्यांतील रक्कम १,९३५ कोटींच्या घरात होती. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये या प्रकाराविरुद्ध इशारा दिला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेऊन १ डिसेंबर २०२५ रोजी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

फसणारी माणसे कमी शिकलेली असतात हा गैरसमज मात्र या आकड्यांइतकाच धोक्याचा आहे. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासारख्या मुरलेल्या उद्योजकाला २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या बनावट सुनावणीचा देखावा उभा करून ७ कोटी रुपयांना फसवण्यात आले. ढाणकीच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली आणि ती उघडल्यावर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले; ती फाइल पत्रिका नसून एपीके, म्हणजे फोनमध्ये परस्पर नवे अॅप बसवणारी फाइल होती. ‘आपले वडील हुशार आहेत, ते फसणार नाहीत’ या भरवशावर राहणारे घर आणि ‘आईला काही कळत नाही’ म्हणून तिच्या हातून फोन काढून घेणारे घर, ही दोन्ही घरे एकाच चुकीच्या दोन बाजू होत.

फसवणुकीच्या फोनची घडण

या फोनचे प्रकार अनेक असले तरी त्यांची घडण एकच असते. प्रथम भीती किंवा आशा निर्माण केली जाते, मग घाई लावली जाते, आणि शेवटी समोरच्या व्यक्तीला तिच्या माणसांपासून तोडले जाते. वीजबिलाचे उदाहरण जवळून पाहिल्यास ही साखळी स्पष्ट होते. संध्याकाळच्या सुमारास एक संदेश येतो की मागील महिन्याचे बिल नोंदले गेलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा तोडला जाईल, तातडीने या क्रमांकावर बोला. संदेश साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून आलेला असतो, तर महावितरणचे अधिकृत संदेश एमएसईडीसीएल हे नाव असलेल्या शीर्षकाने येतात. त्या क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस अदबीने ‘काका, घाबरू नका’ म्हणतो, बिल भरले आहे हे मान्यही करतो, केवळ नोंद अद्ययावत करण्यासाठी दहा रुपये भरा असे सांगतो, आणि त्यासाठी एक ‘मदतीचे’ अॅप घ्यायला लावतो. ते अॅप स्क्रीन शेअरिंगचे, म्हणजे आपल्या फोनच्या पडद्यावरील प्रत्येक अक्षर दुसऱ्याला दाखवणारे असते. दहा रुपये भरताना वडिलांनी दाबलेला पिन आणि त्यानंतर आलेला ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक अंक, तो भामटा पलीकडे बसून वाचत असतो. दहा रुपयांची रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवलेली असते, कारण एवढ्या रकमेसाठी कोणी मुलाला विचारत बसत नाही.

‘डिजिटल अटक’ या प्रकारात हीच साखळी भीतीच्या टोकाला नेली जाते. तुमच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काढलेले सिमकार्ड गुन्ह्यात वापरले गेले, अशी बतावणी करून व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस, मागे राजमुद्रा आणि टेबलावर फायली दाखवल्या जातात, आणि चौकशी गोपनीय असल्याने घरातही कोणाला काही सांगू नका असे बजावून पीडित व्यक्तीला तासन्‌तास, कधी कित्येक दिवस कॅमेऱ्यासमोर बसवले जाते. दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका महिलेला २६ डिसेंबर २०२४ ते ३ मार्च २०२५ या काळात अशाच दडपणाखाली ठेवून २० कोटींहून अधिक रक्कम उकळण्यात आली. त्या केवळ जेवणापुरत्या खोलीबाहेर येत असल्याचे प्रथम लक्षात आले ते घरी काम करणाऱ्या बाईंच्या, आणि त्यांनीच ते मुलीच्या कानावर घातले.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही, हे सर्वत्र सांगितले जाते. परंतु त्यामागचा कायदा समजावून सांगितल्यास वृद्धांना ते अधिक पटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक केलेल्या व्यक्तीला अटकेचे कारण सांगणे आणि तिच्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची माहिती देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तसेच साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही महिलेला साक्षीसाठी राहत्या ठिकाणाशिवाय अन्यत्र हजर राहण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. कायदा नातेवाइकाला कळवायला सांगतो आणि भामटा नातेवाइकापासून लपवायला सांगतो, एवढा एक फरक ध्यानात राहिला तरी पुरे. फोनवरचा आवाज कोणाचाही असो, ‘घरी सांगू नका’ हे शब्द आले की तो फोन फसवणुकीचा आहे असे निःशंक मानावे.

घराने आधी ठरवायच्या गोष्टी

ढाणकीच्या भागात उभ्या पिकाचे रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी रात्री शेतात राहण्याला जागल म्हणतात. डुकरे कोणत्या रात्री आणि कोणत्या बांधाने येतील हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून जागलीची वेळ, मचाण आणि हाकेच्या अंतरावरचा शेजारी हे सर्व आधीच ठरलेले असते. फोनच्या बाबतीतही फसवणुकीचा प्रत्येक नवा प्रकार आईवडिलांना पाठ करायला लावण्यापेक्षा, कोणत्याही प्रकाराला लागू पडेल असा एकच नियम ठरवणे अधिक उपयोगाचे असते. तो नियम असा : पैसे, ओटीपी, पिन, आधार, अॅप किंवा पोलीस यांपैकी कोणताही शब्द अनोळखी फोनवर आला की बोलणे तिथेच थांबवायचे, फोन ठेवायचा आणि ठरलेल्या माणसाला विचारायचे.

ही ठरलेली माणसे एक नसून दोन असावीत. पुण्यातील मुलगा कामाच्या पाळीत असू शकतो किंवा त्याचा फोन लागत नसतो; म्हणून दुसरा माणूस गावातलाच, चालत जाऊन गाठता येईल असा असावा, मग तो पुतण्या असो, शेजारची शिक्षिका असो की ओळखीचा कृषी सेवा केंद्रवाला. फोन ठेवणे हे जुन्या पिढीला उद्धटपणाचे वाटते, समोरचा ‘साहेब’ बोलत असताना मध्येच तोडणे त्यांच्या वळणात बसत नाही, म्हणून तोडण्यासाठी एक तयार वाक्य त्यांच्याच बोलीत द्यावे. मोठ्या अक्षरांतील पुढील मजकुराचा कागद फोन चार्जिंगला लावण्याच्या जागी भिंतीवर चिकटवल्यास तो ऐन वेळी डोळ्यांसमोर राहतो :

‘पोराले इचारून सांगतो.’ एवढं बोलून फोन ठेवायचा.
पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.
घरी सांगू नका म्हणणारा चोर.
पैसे गेले तर लगेच १९३०.

यातील दुसऱ्या ओळीचे स्पष्टीकरण एकदा शांतपणे करून द्यावे. यूपीआय, म्हणजे मोबाइलवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याची पद्धत, वापरताना पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेणाऱ्याला पिन दाबावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘अनुदान जमा करतो, पिन टाका’ असे म्हणणारा माणूस त्यामुळे त्याच वाक्यात उघडा पडतो.

मुलाच्या किंवा नातवाच्या आवाजात ‘अपघात झाला, पैसे पाठवा’ असे सांगणारे फोनही येऊ लागले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आवाजाची नक्कल करता येते. यावर उपाय म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवावा, जो समाजमाध्यमांवर कुठेही लिहिलेला नसेल. जुन्या गाईचे नाव किंवा विकलेल्या शेताचे नाव यासाठी उत्तम, कारण ते आईवडील विसरत नाहीत आणि बाहेरच्याला ठाऊक नसते.

योजनांच्या कामासाठी तर फोनवर काहीही करायचे नाही असाच दंडक असावा. पीएम किसानचे केवायसी असो, निवृत्तिवेतनधारकांचा दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यायचा हयातीचा दाखला असो, ते काम बँकेच्या शाखेत, टपाल कार्यालयात किंवा अधिकृत सेवा केंद्रात प्रत्यक्ष जाऊन करता येते. काउंटरपलीकडचा माणूस ओळखीचा असतो आणि त्याला उद्याही तिथेच बसायचे असते, ही त्या व्यवहारातील खरी हमी होय.

खाते आणि फोन यांची बांधणी

सावधगिरी कितीही बाळगली तरी एखादा फोन चकवून जाणारच, असे गृहीत धरून त्या वेळी होणारे नुकसान मर्यादित राहील अशी व्यवस्था करणे हा संरक्षणाचा दुसरा भाग आहे. सोयाबीन, कापूस यांच्या विक्रीचे किंवा निवृत्तीचे मोठे पैसे ज्या खात्यात आहेत, त्या खात्याला यूपीआय जोडू नये. दुकानदाराला पैसे देण्यासाठी वेगळे खाते ठेवून त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी. मुदत ठेवी दोघांच्या नावे असतील तर त्या दोघांच्या संयुक्त सहीनेच मुदतीपूर्वी मोडता येतील अशी नोंद बँकेत करून घ्यावी, कारण डिजिटल अटकेत मोठी रक्कम जाते ती बहुधा ठेवी मोडूनच. एटीएम कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवण्याची, तसेच दैनंदिन मर्यादा कमी करण्याची सोय बँका देतात, आणि ती शाखेत अर्ज देऊनही करून घेता येते. गावात अंगठ्याच्या ठशावर आधारमार्फत पैसे काढले जात असल्याने, ज्यांना ती सोय लागत नाही त्यांनी आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे ठसे व बुबुळांची नोंद, कुलूपबंद करून ठेवावे.

फोनमध्ये अनोळखी स्रोताकडून अॅप बसवण्याची परवानगी बंद करावी, व्हॉट्सअॅपमधील अनोळखी कॉल शांत ठेवण्याची सोय सुरू करावी, आणि मुलांचे, बँक शाखेचे व १९३० हे क्रमांक नावानिशी साठवून द्यावेत. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० या अंकांनी सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवून देण्यात आली आहे, तर जाहिरातींसाठी १४० ची मालिका आहे. त्यामुळे साध्या दहा अंकी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतो’ असे कोणी म्हणाल्यास संशय घ्यावा, मात्र १६०० चा फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाहीच. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आणि अॅपवर ‘चक्षू’ नावाची सोय असून, पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोनची आणि संदेशाची तक्रार तिथे नोंदवता येते.

पैसे गेल्यानंतरचा पहिला तास

इतके करूनही पैसे गेले, तर पुढचा एक तास पुढच्या एका महिन्यापेक्षा मोलाचा असतो, आणि त्याचे कारण चोरीच्या पैशाच्या प्रवासात आहे. खात्यातून निघालेली रक्कम थेट भामट्याच्या हाती जात नाही. ती आधी भाड्याच्या खात्यांत, म्हणजे कमिशनच्या आमिषाने दुसऱ्यांनी वापरायला दिलेल्या खात्यांत जाते, तिथून तुकडे होऊन पुढच्या खात्यांत पसरते आणि अखेर रोखीने काढली जाते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदताच संबंधित बँकांना सूचना जाते आणि रक्कम ज्या खात्यात असेल तिथे ती गोठवली जाते. रक्कम काढली जाण्याआधी सूचना पोहोचली तरच ती वाचते. म्हणून यवतमाळला सायबर पोलीस ठाण्यात जाण्यासाठी सकाळच्या बसची वाट पाहू नये. शंभर किलोमीटरहून लांबच्या त्या प्रवासाआधी घरातूनच १९३० लावावा.

फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, व्यवहाराची वेळ आणि बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावेत. स्क्रीन शेअरिंगचे अॅप चालू असल्यास फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करून तक्रारीसाठी दुसऱ्याचा फोन वापरावा. त्यानंतर बँकेला कळवून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करावे, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी, आणि बिटरगाव किंवा जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा. हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्हा नोंदवण्यास नकार देता येत नाही. संदेश, क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे हा पुरावा असल्याने शरमेपोटी काहीही पुसून टाकू नये.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या तत्त्वानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि तो तीन कामकाजी दिवसांत कळवला, तर ग्राहकावर कोणतेही दायित्व येत नाही; ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपल्याकडून झाली असली तरीही लवकर कळवण्यातच हित आहे. पुढील काही आठवड्यांत ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असे फोन आल्यास तेही त्याच जातीचे समजावेत, कारण एकदा फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गाठण्याचा हा रूढ मार्ग आहे.

रागाची किंमत

वरील सर्व व्यवस्था एका गोष्टीमुळे निकामी होऊ शकते, आणि ती म्हणजे मुलांचा धाक. शेतीचा हिशेब आयुष्यभर स्वतः ठेवलेल्या वडिलांना फसवणुकीपेक्षा ‘तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं’ हे मुलाचे वाक्य अधिक लागते, आणि ते ऐकावे लागू नये म्हणून अनेक वृद्ध दोन दिवस गप्प राहतात. भामट्याला हवा असलेला वेळ अशा रीतीने घरचेच लोक त्याला मिळवून देतात. भामटा जो एकांत फोनवरून निर्माण करू पाहतो, तो ज्या घरात आधीच असतो तिथे त्याचे काम निम्मे झालेले असते. आई अचानक दार लावून फोनवर बोलू लागली, वडील मुदत ठेवीची पावती शोधू लागले, रोजच्या फोनवर बोलणे तुटक झाले, तर तो चौकशीचा विषय आहे, उलटतपासणीचा नव्हे.

म्हणून दूर राहणाऱ्या मुलांनी पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी : भिंतीवर कागद लावावा, बँकेत आईवडिलांसोबत जाऊन खाती वेगळी करावीत, गावातील दुसरा माणूस ठरवून त्याला तसे सांगावे, आणि १९३० हा क्रमांक त्यांच्या हातूनच फोनमध्ये साठवून घ्यावा. त्या दुपारी निघण्यापूर्वी एक शब्द मात्र न विसरता द्यावा, की पैसे गेले तरी रागावणार नाही, फक्त त्याच क्षणी सांगा. आणि तसा प्रसंग आलाच, तर तो शब्द पाळावा.